खटका कधी पडतो : फ्लोराइड रायबोस्विचच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

विषय पक्का झाला. मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "फ्लोराइडच का?" मी मामाच्या दातांबद्दल सांगितलं.

आजोळ किनवट तालुक्यात. मामाच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे आहेत. शाळेत पोरं तंबाखू खातोस का म्हणून चिडवायची, म्हणून तो फोटोत कधी हसला नाही. आता पन्नाशीतच मांडी घालून बसता येत नाही. पंगतीत त्याला वेगळी खुर्ची लागते. हे सगळं पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात बरीच गावं अशी आहेत. बोअर जितकी खोल, तितकं पाणी खडकातल्या फ्लोराइडच्या खनिजांशी जास्त काळ राहिलेलं. दिसायला स्वच्छ, चवीला बरं, आणि उकळून काहीही फरक पडत नाही. उलट पाणी आटतं तसं फ्लोराइडचं प्रमाण वाढतं.

आपल्या मानकात मर्यादा १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम), दुसरा स्रोतच नसेल तर १.५. जागतिक आरोग्य संघटनाही १.५ म्हणते.

बनवायचं आहे ते असं: छोटी नळी, तळाशी वाळवलेली भुकटी. त्यात पाणी टाकायचं. फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर पाणी पिवळं होईल. ओळखायचं काम जिवाणूच्या आरएनएचा एक तुकडा करणार. कल्पना आमची नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्युलियस लक्स यांच्या गटाने २०२० मध्ये हे करून दाखवलं आणि कोस्टारिकात प्रत्यक्ष पाण्यावर तपासलं. त्यांची चाचणी २ पीपीएमच्या वरचं ओळखते. आम्हाला १.५ हवं आहे, आणि ते मे महिन्याच्या उन्हात.

११ जानेवारी

दिवसभर वाचन. जुन्या गोष्टीपासून सुरुवात केली, कारण ती मला फार आवडते.

एखादं जनुक चालू-बंद करायचं तर प्रथिन लागतं, हे जवळजवळ गृहीतच होतं. जिवाणूत बी-१ किंवा बी-१२ पुरेसं झालं की ते बनवणारी किंवा आत घेणारी जनुकं बंद होतात, म्हणजे हे जीवनसत्त्व ओळखणारं कुठलं तरी दमनकारी प्रथिन असणार. लोकांनी ते शोधलं आणि सापडलं नाही. २००२ मध्ये येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या प्रयोगशाळेने आणि न्यूयॉर्कमध्ये येवगेनी नुडलर यांच्या गटाने दाखवून दिलं की मधे प्रथिन नाहीच. संदेशवाहक आरएनएच्या (जनुकाच्या नकलेच्या) सुरुवातीचा भाग, ज्याचं प्रथिन बनत नाही, तोच जीवनसत्त्वाचा रेणू पकडतो, घडी बदलतो आणि पुढचं जनुक बंद करतो. चिठ्ठी स्वतःच ठरवते की तिचा पुढचा मजकूर लिहायचा की नाही.

याला रायबोस्विच म्हणतात. त्याचे दोन भाग. सुरुवातीचा अॅप्टामर, म्हणजे रेणू पकडणारा खिसा. मागचा भाग निर्णय अमलात आणतो. काही स्विच लिप्यंतर (जनुकावरून आरएनए लिहिणं) मधेच तोडतात, काही रायबोसोमला (प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला) बसायची जागा झाकून ठेवतात. बी-१ चा स्विच बुरशी आणि वनस्पतींतही आहे, तिथे तो आरएनएची काटछाट बदलतो. जीएलएमएस नावाचा एक तर ग्लुकोसामाइन-६-फॉस्फेट मिळालं की स्वतःलाच कापतो.

आमचा स्विच बॅसिलस सेरियस जिवाणूतल्या सीआरसीबी जनुकाच्या सुरुवातीला बसलेला. ब्रेकर यांच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं की हा आरएनए फ्लोराइड ओळखतो. पुढच्या जनुकातून बनणारं प्रथिन पेशीतलं फ्लोराइड बाहेर घालवतं. म्हणजे विष आत आलं की दार उघडायची चिठ्ठी पूर्ण लिहिली जाते, नाहीतर मधेच टाकून दिली जाते.

१९ जानेवारी

आज एक गोष्ट डोक्यातून जाईना. आरएनएचा कणा ऋण भाराचा, फ्लोराइडही ऋण. हे जवळ येतातच कसे?

उत्तर २०१२ च्याच स्फटिकरचनेत आहे. मधे तीन मॅग्नेशियम आयन. आरएनएचे पाच फॉस्फेट आतल्या बाजूला वळून त्या मॅग्नेशियमना धरतात, आणि तिन्ही मॅग्नेशियम मिळून मधोमध एका फ्लोराइडला. क्लोराइड आकाराने मोठा, त्या जागेत मावत नाही. पाण्यात फ्लोराइडच्या कितीतरी पट क्लोराइड असतं, तरी हा खिसा फसत नाही. मी लाडू वळताना बेदाणा आत घालून बोटांनी दाबतात तसं काहीसं चित्र वहीत काढलं. मॅडम म्हणाल्या, "चालेल, पण मॅग्नेशियम विसरू नकोस, ते कमी पडलं की लाडू फुटतो."

मग हिशेब. फ्लोरिनचा अणुभार १९, म्हणजे १ पीपीएम म्हणजे साधारण ५३ मायक्रोमोलर. १.५ पीपीएम म्हणजे ७९. अशा आरएनएची फ्लोराइडवरची पकड ६० मायक्रोमोलरच्या आसपास मोजलेली आहे. जिवाणूने स्वतःच्या जिवासाठी ठरवलेला उंबरठा आणि आपल्या हाडा-दातांसाठी ठरवलेली मर्यादा एकमेकींच्या इतक्या जवळ! योगायोगच आहे, पण त्यामुळेच हा प्रकल्प शक्य आहे. खिसा शंभरपट घट्ट असता तर कुठलंही पाणी पिवळं झालं असतं.

जिवंत पेशी वापरायची नाही हेही ठरलं. तिचं दार फ्लोराइड बाहेर टाकत बसेल आणि स्विचला आतलं खरं प्रमाण कळणारच नाही. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी फोडून अर्क काढायचा. लिप्यंतराची आणि प्रथिन बनवण्याची सगळी यंत्रणा त्यात असते, फक्त भिंत नसते.

२ फेब्रुवारी

तीन आठवड्यांनी पहिली चाचणी, आणि सगळ्या नळ्या पिवळ्या. फ्लोराइड नसलेलीसुद्धा.

आधी वाटलं पाणीच खराब. नवीन शुद्ध पाणी, नवीन टिप, फ्लोराइडची द्रावणं काचेतून प्लॅस्टिकच्या बाटल्यांत हलवली (काचेत ठेवायलाच नको होती). तरी पिवळ्या. मग शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सीनियरला प्लाझ्मिडचा (ज्या गोल डीएनएवर स्विच बसवला त्याचा) नकाशा दाखवला. त्याने दहा सेकंदात बोट ठेवलं: प्रमोटर, म्हणजे लिप्यंतर जिथून सुरू होतं तो तुकडा, टी-७ चा आहे.

चूक माझी. जुन्या प्लाझ्मिडमध्ये स्विच बसवताना प्रमोटर तसाच राहिला. टी-७ विषाणूचं पॉलिमरेज (आरएनए लिहिणारं विकर) जिवाणूच्या पॉलिमरेजच्या कितीतरी पट वेगाने पळतं, आणि समापक केसपिनीपाशी (लिहिणं तोडणाऱ्या आरएनएच्या घडीपाशी) तितक्या भरवशाने थांबतही नाही. आपला स्विच ज्या पॉलिमरेजच्या चालीला सरावलेला आहे ते हे नव्हे. खिशाची घडी नीट बसायच्या आत गाडी पुढे निघून जाते. खिसा बरोबर, फ्लोराइड बरोबर, आणि तरी स्विच निकामी.

नवीन प्रायमर (डीएनए बदलायला लागणारे छोटे तुकडे) मागवले. ई. कोलायचा स्वतःचा प्रमोटर लावायचा; अर्कात त्याचं पॉलिमरेज आहेच.

१६ फेब्रुवारी

फरक दिसला!! फ्लोराइडशिवाय जवळजवळ पाण्यासारखी नळी, ५ पीपीएमला हळदीच्या पाण्यासारखी. आईला फोटो पाठवला.

पिवळा रंग कसा येतो ते लिहून ठेवते. स्विचच्या मागे आम्ही फ्लोराइड घालवणाऱ्या जनुकाऐवजी कॅटेकॉल फोडणाऱ्या विकराचं जनुक लावलंय. स्विच उघडला की विकर बनतं, ते बिनरंगी कॅटेकॉलचं पिवळं संयुग करतं. एकेक विकर हजारो रेणू फोडतं, म्हणून डोळ्यांना दिसतं. कॅटेकॉल विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. गावात नेताना नळीचं झाकण उघडं राहता कामा नये.

सोबत दोन ताळ्याच्या नळ्या कायमच्या. एकीत अॅप्टामरमधले बेस (आरएनएची अक्षरं) बदललेला स्विच, जो फ्लोराइड पकडूच शकत नाही. ती नेहमी कोरी राहायला हवी. दुसरीत स्विच नसलेलं तेच जनुक. ती नेहमी पिवळी व्हायला हवी.

२७ फेब्रुवारी

प्रमाण वाढवत नेलं आणि आलेख वर जाऊन पुन्हा खाली आला. जास्त फ्लोराइडला रंग कमी. हे धोकादायक आहे, कारण सगळ्यात वाईट पाणी आमच्या नळीत चांगलं दिसेल.

स्विच नसलेली ताळ्याची नळीही तिथे फिकी पडली होती. म्हणजे दोष स्विचचा नाही, अर्काचीच ताकद संपतेय. दोन दिवस डोकं खाजवलं. काल रात्री बाबांच्या शुगरचा रिपोर्ट आला आणि एकदम आठवलं: शुगरसाठी रक्त घेतात ती राखाडी टोपणाची नळी! तिच्यात सोडियम फ्लोराइडच असतं. ते एनोलेज या विकराला अडवतं, म्हणून रक्तपेशी नळीत साखर खात बसत नाहीत आणि आकडा खरा राहतो.

आम्ही अर्काला ऊर्जा म्हणून ३-फॉस्फोग्लिसरेट देत होतो. त्यातून एटीपी (पेशीचं इंधन) मिळायला वाटेत एनोलेज लागतंच. म्हणजे ज्याला शोधतोय तोच आमची चूल विझवत होता. आता एनोलेजच्या पुढचा पदार्थ द्यायचा, फॉस्फोएनोलपायरुवेट. महाग आहे. मॅडमनी सही केली.

४ मार्च

फॉस्फोएनोलपायरुवेटवर आलेख १० पीपीएमपर्यंत वर जातो आणि तिथेच राहतो. खाली येत नाही. पुढे.

९ मार्च

आज प्रयोग नाही. २०१७ चा एक शोधनिबंध तिसऱ्यांदा वाचला. नॉर्थ कॅरोलायनातल्या ची झांग यांच्या गटाचा, याच बॅसिलस सेरियसच्या स्विचवरचा. आज पहिल्यांदा नीट कळला, म्हणून सविस्तर लिहिते.

मला इतके दिवस वाटत होतं की फ्लोराइड नसताना खिसा विस्कटलेला असतो आणि फ्लोराइड आलं की तो बनतो. तसं नाही. पुरेसं मॅग्नेशियम असेल तर दोन्ही अवस्थांत घडी जवळजवळ तीच असते. मग फरक कुठे? एका बेसजोडीत. त्यांनी तिला चाकाच्या खिळीची उपमा दिली आहे. गाडीच्या आसाला चाक धरून ठेवणारी ती खीळ. फ्लोराइड नसताना ही खीळ अधूनमधून निसटते. कुठल्याही क्षणी शंभरातल्या एखाद्याच रेणूत ती निसटलेली असते, आणि तीही सुमारे ३ मिलिसेकंदच. फ्लोराइड बसलं की हे निसटणं दबतं.

इतक्याशा गोष्टीने जनुक बंद कसं होणार? मी ढोबळ हिशेब केला. एक टक्का वेळ उघडी, दर वेळी ३ मिलिसेकंद, म्हणजे साधारण ३०० मिलिसेकंदांतून एकदा उघडते. जिवाणूचं पॉलिमरेज सेकंदाला पन्नासएक अक्षरं लिहितं. अॅप्टामर लिहून झाल्यापासून समापक केसपिन पूर्ण व्हायला तीसएक अक्षरं लागतात. म्हणजे हातात अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात खीळ एक-दोनदा निसटते. आणि एकदा निसटणं पुरे आहे: मागून नुकताच लिहिलेला, जोडी जमणारा धागा वाटच पाहत असतो, तो त्या फटीत घुसतो, अॅप्टामरचा एक पदर सोडवून स्वतःशी जुळवतो, केसपिन तयार होते, मागे यू-यू-यू ची शेपूट, आणि पॉलिमरेज गळून पडतं. चिठ्ठी अर्धवट.

फ्लोराइड असेल तर फट पडत नाही, धागा ताटकळतो, तोवर पॉलिमरेज पुढे गेलेलं असतं. त्यानंतर केसपिन बनली काय, न बनली काय, उपयोग नाही.

२०१६ मध्ये लक्स यांच्या गटाने लिहिलं जात असतानाच आरएनएची घडी एकेक अक्षराने टिपली होती. त्यांच्या आलेखांत हाच फाटा दिसतो. सुरुवातीला फ्लोराइड असो-नसो घडी सारखीच, मग एका ठिकाणी वाटा वेगळ्या. तो आलेख छापून टेबलासमोर लावला. टी-७ ने आम्हाला का फसवलं तेही आता नीट कळलं. हा स्विच नुसती रचना नाही, शर्यत आहे.

२१ मार्च

वाळवणं. दुसऱ्या विभागाचं गोठवून वाळवायचं यंत्र रात्री वापरायला मिळतं.

वाळवण्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. ओल्या चाचणीत १० मायक्रोलिटरमध्ये नमुन्याचं पाणी फक्त ३ मायक्रोलिटर मावायचं, बाकी अर्क आणि मसाला. म्हणजे १.५ पीपीएमचं पाणी स्विचला अर्ध्याहून कमी दिसायचं. वाळवलेल्या भुकटीवर सगळेच १० मायक्रोलिटर नमुन्याचे. एकही रसायन न बदलता चाचणी तिपटीने तीक्ष्ण झाली. १ आणि २ पीपीएम आता डोळ्यांनी वेगळे दिसतात. १ आणि १.५ मात्र नाही.

१० एप्रिल

दोन अडचणी, दोन्ही वेळेच्याच.

पहिली, गळती. फ्लोराइड नसतानाही काही पॉलिमरेज केसपिन चुकवून जातात, म्हणून चार तासांनी कोरी नळीही पिवळसर होते. दुसरी, कॅटेकॉल हवेने आणि उष्णतेने आपोआप तपकिरी पडतं, आणि फिकट तपकिरी घाईत पिवळंच वाटतं.

म्हणून रंग किती यापेक्षा कधी पाहायचा हे महत्त्वाचं. ३७ अंशांवर वीस-वीस मिनिटांनी फोटो काढले. ६० ते ८० मिनिटांत फरक सगळ्यात स्पष्ट. नियम असा: शेजारी १.५ पीपीएमची तयार नळी ठेवायची, ७० मिनिटांनी पांढऱ्या कागदावर दोन्ही शेजारी धरायच्या. नमुना गडद असेल तर "जास्त". आकडा सांगायचा नाही. गावातल्या बाईला २.३ की २.७ हे नकोच असतं, तिला या हापशाचं पाणी लेकराला द्यायचं की नाही हे हवं असतं.

८ मे

किनवट तालुका. सावलीत ४२ अंश.

वाचलं होतं की अशा नळ्या ऊब मिळावी म्हणून खिशात किंवा काखेत धरतात. इथे उलटं. मामीने माठातलं पाणी एका पातेल्यात काढलं, मी त्यात थर्मामीटर सोडून गरम-गार करत ३७ वर आणलं आणि नळ्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचून तरंगत ठेवल्या. पातेलं जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघायचं काम आठवीतल्या एका मुलीने स्वतःहून घेतलं आणि मला जवळ येऊ दिलं नाही.

सात नमुने: चार बोअर, दोन विहिरी, मामाच्या वाड्यामागचा जुना आड. आड वीस वर्षं वापरात नाही. बोअर झाली तेव्हा सगळ्यांनी विहिरी सोडल्या. पटकीच्या भीतीने तेच शहाणपणाचं होतं.

७० मिनिटं. शाळेजवळची बोअर गडद पिवळी. मामाच्या घरची त्याहून गडद. एका बोअरची नळी कोरी राहिली आणि बाजूला उभे असलेले लोक खूश झाले. पण तिच्या सोबतची, नेहमी पिवळी व्हायला हवी ती ताळ्याची नळीही कोरी होती. पाकीट उघडून पाहिलं तर कड नीट चिकटलेली नव्हती, भुकटीला ओल लागून डिंकासारखी झाली होती. सगळ्यांना सांगितलं की हा निकाल नाही, चाचणीच झाली नाही. दुसऱ्या पाकिटातून पुन्हा लावली. तयार नळीपेक्षा किंचित गडद. दुसरी नळी सोबत नसती तर मी एका गावाला चुकीचं पाणी चांगलं म्हणून सांगून आले असते. संध्याकाळभर तेच मनात होतं.

मामाने त्याच्या बोअरची नळी उन्हाकडे धरून पाहिली. "एवढ्याशा थेंबात कळतं व्हय गं?" म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

१४ मे

सगळे नमुने विभागातल्या आयन इलेक्ट्रोडवर मोजले. मामाची बोअर ३.४, शाळेजवळची २.६, ओल लागलेल्या पाकिटाची १.८, चौथी बोअर १.३. विहिरी ०.९ आणि ०.४. आड ०.७.

मर्यादेवरचे तिन्ही आमच्या नळ्यांनी बरोबर सांगितले. १.३ ची नळी मात्र मला आणि मॅडमना तयार नळीइतकीच वाटली, आणि दोघींपैकी कुणीच खात्रीने कमी म्हणू शकलं नाही. १.५ च्या अलीकडे-पलीकडे अजून धूसर आहे. पुढच्या फेरीत समापक केसपिनीचा बुंधा एका जोडीने बळकट करून पाहायचा, म्हणजे गळती कमी होईल. पण बुंधा जास्त बळकट झाला तर फ्लोराइड असतानाही पॉलिमरेज गळेल. तीन-चार प्रकार करून शेजारी-शेजारी लावावे लागतील.

आडाच्या पाण्यात फ्लोराइड कमी असलं तरी जंतूंची तपासणी वेगळी करायला हवी. मामाला तसं फोनवर स्पष्ट सांगितलं. तपासून, क्लोरीन टाकल्याशिवाय प्यायचं नाही.

२९ मे

मामाचा फोन. आडातला गाळ काढायला माणसं लावली आहेत, तिसऱ्या दिवशी तळाचा झरा लागला. शाळेतली ती मुलगी विचारत होती पातेलं पुन्हा कधी ठेवायचं.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये जायचं. ४० नळ्या वाळवायच्या, पाकिटांची कड दोनदा चिकटवायची. केसपिनीच्या चार प्रकारांचे प्रायमर आज मागवले.